बारा रेक आत, सोळा रेक बाहेर

चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. सगळे संच पूर्ण भाराने चालले तर त्याला दिवसाला अंदाजे ४९ हजार टन कोळसा लागतो. एका रेकमध्ये साधारण चार हजार टन मावतात, म्हणजे रोज बारा रेक. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त माल राख होऊन मागे उरतो. तरीही धुराड्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड भरतो सुमारे ६६ हजार टन. राख इथेच राहिली, आणि वर गेलेला वायू आलेल्या कोळशापेक्षा जड! यात जादू नाही. जळताना १२ किलो कार्बन हवेतला ३२ किलो ऑक्सिजन घेतो आणि ४४ किलो होऊन निघतो. हा वायू द्रवरूप करून रेल्वेनेच परत पाठवायचा म्हटलं तर रोज सोळा रेक लागतील.

धुरातला कार्बन पकडायचा आणि जमिनीत खोल गाडायचा, या कल्पनेची चर्चा आपल्याकडे बहुधा एकाच प्रश्नाशी अडते: एवढा वायू ठेवणार कुठे? खरं तर हा त्यातला सोपा प्रश्न. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने भारताच्या भूगर्भात साधारण ४०० ते ६०० अब्ज टनांची जागा दाखवली आहे. आपल्या कोळशातून वर्षाला सुमारे दोन अब्ज टन वायू निघतो. म्हणजे दोनशे वर्षांची सोय झाली. कागदावर.

अडचण रोजच्या आवकजावकीची आहे. देशातलं सर्वांत मोठं औष्णिक केंद्र मध्य प्रदेशातलं, विंध्याचलचं; क्षमता ४,७६० मेगावॉट. तिथे एनटीपीसीने २०२२ मध्ये दिवसाला २० टन कार्बन डायऑक्साइड पकडणारा प्रकल्प सुरू केला. पकडलेल्या वायूपासून मिथेनॉल करायचं, असा बेत. तंत्रज्ञ शिकताहेत, ते आवश्यकच आहे. पण हे केंद्र पूर्ण भाराने चालतं तेव्हा तासाला साधारण साडेचार हजार टन वायू सोडतं. दिवसभराची ही पकड म्हणजे सोळा सेकंदांचा धूर.

जगभरातले असे सगळे प्रकल्प मिळून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास वायू पकडू शकतात, तोही बराचसा नैसर्गिक वायू शुद्ध करणाऱ्या कारखान्यांत. भारताचा कोळसा तेवढा वायू नऊ-दहा दिवसांत सोडतो.

आकारमानाचा हिशेब आणखी चक्रावून टाकतो. जमिनीखाली आठशे मीटरपेक्षा खोल गेलं की दाबामुळे हा वायू जवळपास द्रवासारखा दाट होतो. एका घनमीटरमध्ये सहा-सातशे किलो बसतो. एवढा दाबूनही आपल्या कोळशाचा वर्षाचा वायू तीन अब्ज घनमीटरच्या घरात जातो. जगातल्या सगळ्या विहिरींतून वर्षभरात जेवढं खनिज तेल निघतं, त्याच्या निम्म्याच्या आसपास. तेलाचा तो पसारा, विहिरी, नळ, पंप, टाक्या, उभा राहायला १८५९ पासून आजपर्यंतचा काळ लागला, आणि तेलाच्या प्रत्येक पिंपाला गिऱ्हाईक होतं. इथे उलट्या दिशेने तसाच पसारा उभा करायचा, आणि माल कुणालाच नको आहे.

त्यात पकडण्याचं काम फुकट होत नाही. धुरात कार्बन डायऑक्साइड शेकडा १२ ते १४. बाकी बहुतेक नायट्रोजन. कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायला अमाइनच्या द्रावणातून धूर न्यायचा, मग द्रावण १२० अंशांच्या आसपास तापवून वायू सोडवायचा, मग तो दाबायचा. यात केंद्राची शेकडा २० ते ३० वीज खर्ची पडते. देशातली कोळशावरची क्षमता सव्वादोन लाख मेगावॉटच्या आसपास आहे. तिचा चौथा हिस्सा म्हणजे पंचावन्न हजार मेगावॉट. भर उन्हाळ्यात अख्ख्या महाराष्ट्राची मागणी तीस हजारांच्या आसपास जाते, यावरून काय ते समजावं.

आता आपल्या पायाखालचा काळा पत्थर, बेसॉल्ट. आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पाने २०१२ मध्ये हा वायू पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला. दोन वर्षांच्या आत त्यातला ९५ टक्के खडकातल्या कॅल्शियमशी संयोग पावून दगड झाला. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. मन लगेच धावतं. पण त्या पद्धतीत एक टन वायूला साधारण २५ टन पाणी लागतं. चंद्रपूरचं केंद्र वर्षभर पूर्ण भाराने चाललं असं धरलं तर २१ टीएमसी, म्हणजे कोयना धरणाचा पाचवा हिस्सा. देशातला सगळा कोळसा धरला तर दरवर्षी सतरा भरलेली कोयना धरणं! अमेरिकेत वॉलुला इथे २०१३ मध्ये पाणी न मिसळता सुमारे हजार टन वायू बेसॉल्टमध्ये सोडून पाहिला आहे. हजार टन म्हणजे चंद्रपूरची बावीस मिनिटं.

शिवाय बेसॉल्टचा थर पूर्वेकडे पातळ होत जातो. जाडी आहे ती सह्याद्रीकडे. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल विंधन घेतलं, तेव्हा तिथे बाराशे मीटरहून थोडा जास्त बेसॉल्ट लागला. म्हणजे चंद्रपूरचा वायू सहाशे किलोमीटर नळाने आणून ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाच्या जागी दाबाने जमिनीत सोडायचा. धरणातल्या पाण्याने भूकंप कसा घडतो हे जग जिथे शिकलं, ती ही जागा.

नीती आयोगाच्याच अहवालात २०५० पर्यंत वर्षाला ७५ कोटी टन पकडण्याची कल्पना आहे. कॅनडातला बाउंडरी डॅम प्रकल्प वर्षाला दहा लाख टनांसाठी बांधला गेला. तसे साडेसातशे लागतील: आजपासून दर बारा दिवसांनी एक. मला विचाराल तर यातला एकही विजेच्या कोळशावर वाया घालवू नये. विजेला ऊन आहे, वारा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातच गडचांदूर-आवारपूरकडे सिमेंटच्या भट्ट्या आहेत. तिथे शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड खुद्द दगडातूनच निघतो. कोळसा पूर्ण बंद करून त्या भट्ट्या सौर विजेवर तापवल्या, तरी तो निघणारच.