परतीची वाट
दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या विलीज आणि फोर्ड जीप आजही हौशी लोक चालत्या ठेवतात. माझ्या मते या गाड्यांतली सहा व्होल्टची व्यवस्था विनाकारण बदनाम झाली आहे. सेल्फ जड फिरला, दिवे मिणमिणले की मिस्त्री बारा व्होल्ट करून द्यायला तयारच असतो.

तेवढ्याच वॅटसाठी सहा व्होल्टला दुप्पट प्रवाह लागतो. तो तारेतून जातो आणि चासीच्या लोखंडातून बॅटरीकडे परततो. या परतीच्या वाटेत गंज किंवा रंगाचा थर आला, की एखादा व्होल्ट तिथेच गळतो. म्हणजे सहावा हिस्सा! इंजिन रबरावर बसलेले, त्यामुळे त्याला चासीशी जोडणारी पट्टी हवीच. हौसेने रंग काढताना नेमकी तीच हरवते.

मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले, तर बॅटरीला हात लावू नये. अर्थिंगचे सांधे घासून आवळावेत. बारा व्होल्टने गंज जात नाही, झाकला जातो. १९४१ ते १९४५मधला मूळ डायनॅमो मात्र भंगारात जातो, याचे मला वाईट वाटते.

गिअरबॉक्सचेही तेच. दुसरा गिअर सुटतो म्हणून थेट गिअर बदलतात. आधी गिअर धरून ठेवणारी स्प्रिंग आणि फोर्क पाहावा. गिअरबॉक्समधले तेल शेजारच्या ट्रान्सफर केसमध्येही झिरपते. म्हणून दोन्हीकडची पातळी एकाच वेळी बघावी.