गुलाबी बोंडअळी : सरकीतला शत्रू

कपाशीच्या शेतात हा पतंग सहसा कोणाच्या नजरेत येत नाही. लांबी जेमतेम ८ ते ९ मिलिमीटर, रंग करडा-तपकिरी, पुढच्या पंखांवर अस्पष्ट गडद ठिपके, मागचे पंख रुपेरी आणि त्यांच्या कडेला झालर. दिवसा तो दडून बसतो, रात्री उडतो. शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. १८४० च्या दशकात त्याचे पहिले वर्णन झाले, तेही भडोचच्या कपाशीवरून.

नुकसान पतंग करत नाही, त्याची अळी करते. मादी पात्या, फुले किंवा बोंडांवर अंडी घालते. चार-पाच दिवसांत निघालेली पांढुरकी अळी फुलात शिरली, तर पाकळ्या रेशमी धाग्यांनी आतून बांधून टाकते. अशा न उमललेल्या फुलाला शेतकरी डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली, तर तिने पाडलेले छिद्र काही दिवसांत बुजते आणि बोंड बाहेरून निरोगी दिसते. आत मात्र अळी रुई कापत सरकीपर्यंत पोहोचते आणि सरकी खाते. पूर्ण वाढीला ती गुलाबी होते. म्हणूनच बाहेरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

यावर उपाय म्हणून बीटी कपाशी आली : २००२ मध्ये एका विषारी प्रथिनाची, २००६ मध्ये दोन प्रथिनांची. तरी २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात बोंडेच्या बोंडे पोखरली गेली. असे का झाले? वर्गात यंत्राच्या बिघाडाचे विश्लेषण शिकवताना मी हे उदाहरण आवर्जून घेतो. भारतात बीटी कपाशी मुख्यतः संकरित वाणांत आहे. अशा झाडाच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी; मेंडेलच्या ३:१ प्रमाणानुसार प्रत्येक जनुक सुमारे एक चतुर्थांश सरकीत नसतेच. म्हणजे एकाच बोंडात अळीला विषारी दाणाही मिळतो आणि कमी विषारीही. अर्धवट मात्रेतून तगलेल्या अळ्यांत प्रतिकार वाढत जातो. प्रतिकाराचे हे एक कारण मानले जाते. शिवाय ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते. त्यामुळे बिगर-बीटी कपाशीच्या आश्रय ओळी लावणे आवश्यक होते. बियाण्याच्या पिशवीबरोबर त्यांची वेगळी पुडी येई. अनेकांनी ती लावलीच नाही. मी त्यांना दोष देत नाही, कारण कीड पोसण्यासाठी जमीन सोडा हे सांगणे सोपे, पटवणे कठीण.

हंगामाच्या शेवटी अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांत सुप्तावस्थेत जाते. जास्तीच्या वेचणीसाठी फरदड ठेवली किंवा पऱ्हाटी बांधावर रचून ठेवली, की पुढच्या खरिपाचे पतंग तिथूनच निघतात.