विश्लेषण : पिकअपच्या स्टिरिओला अमेरिकेची डबी जोडली, पण गाणे वाजेना! भारतात सॅटेलाइट रेडिओ का चालत नाही?

‘भाऊ, डबी त चालू होते, पन गानं काही वाजत नाई. दोन दिवस झाले, सिग्नल शोधूनच राह्यली.’ वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातल्या जऊळक्याहून एका पिकअपचालक काकांचा हा व्हॉइस मेसेज. सोबत फोटो. डॅशबोर्डवर तळहाताएवढी काळी डबी आणि तिच्या स्क्रीनवर इंग्रजीत ‘ॲक्वायरिंग सिग्नल’.

डबी आली होती टेक्सासहून. काकांचा भाचा तिकडे नोकरीला आहे. त्याच्याही दारात पिकअप आहे. तिच्या मूळ स्टिरिओला त्याने सॅटेलाइट रेडिओ जोडला होता. नवी गाडी घेतल्यावर जुनी डबी मामासाठी बॅगेत टाकली. मामा रात्री-अपरात्री सोयाबीन, भाजीपाला घेऊन वाशिम, कारंजा, अकोला करतात. रस्त्यात रेडिओ खरखरतो, मोबाइलची रेंज जाते. उपग्रहाला कुठली आली रेंजची अडचण, असा भाच्याचा हिशेब. हिशेब चुकीचा नाही. फक्त तो टेक्सासचा आहे.

डबी चालू होते, मग गाणे का वाजत नाही?

अमेरिकेत ‘एक्सएम’ कंपनीची सेवा सप्टेंबर २००१ मध्ये सुरू झाली, पाठोपाठ ‘सिरियस’ आली आणि २००८ मध्ये दोघींचे विलीनीकरण होऊन ‘सिरियसएक्सएम’ झाली. तिचे भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर, पश्चिम रेखांशावर उभे आहेत. एक्सएमने पहिले दोन उपग्रह ठेवले ते ८५ आणि ११५ अंश पश्चिमेला. त्यांची नावे ‘रॉक’ आणि ‘रोल’ (अवकाशात नाव ठेवायची ही संधी इस्रो कधी घेणार, कोण जाणे).

जऊळका आहे साधारण ७७ अंश पूर्व रेखांशावर. म्हणजे ८५ अंश पश्चिमेचा उपग्रह आपल्यापासून १६२ अंश दूर. भूस्थिर उपग्रह दिसायचा तर हे अंतर जास्तीत जास्त ८० अंशांच्या आसपास हवे. थोडक्यात, ज्या उपग्रहाला काकांची डबी शोधत होती तो त्यांच्या पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला होता. टपावर कितीही भारी अँटेना लावली तरी तो दिसणार नाही.

आणखी एक गंमत. ही सेवा २३२० ते २३४५ मेगाहर्ट्झ या लहरींवर चालते. भारतात २३०० ते २४०० मेगाहर्ट्झ हा पट्टा मोबाइल कंपन्यांच्या ४जी सेवेला दिलेला आहे. त्यामुळे डबी जिथे गाणे शोधते, तिथे आपल्याकडे कुणाचे तरी रील चालू असते.

भारतात असा रेडिओ कधी होता का?

होता, आणि तो चांगला होता. ‘वर्ल्डस्पेस’ हे नाव तिशी ओलांडलेल्या अनेकांना आठवेल. इथिओपियात जन्मलेल्या नोआ समारा यांनी १९९० मध्ये ही कंपनी काढली. आफ्रिकेत एड्सची माहिती खेड्यापाड्यांत पोहोचत नाही, ती थेट आकाशातून पोहोचवावी, ही त्यामागची मूळ कल्पना. ‘आफ्रिस्टार’ उपग्रह १९९८ मध्ये आणि आपल्यासाठीचा ‘एशियास्टार’ मार्च २००० मध्ये सोडला गेला.

एशियास्टार १०५ अंश पूर्वेला होता. गणित केले तर जऊळक्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५० अंश उंचीवर येतो. खिडकीत छोटी चौकोनी अँटेना ठेवून त्या दिशेला वळवली की शास्त्रीय संगीताचे ‘गंधर्व’, जुन्या हिंदी गाण्यांचे ‘फरिश्ता’ असे चॅनेल जाहिरातींशिवाय ऐकू येत. मराठीसाठीही वेगळे चॅनेल होते. ए. आर. रहमान या सेवेचा चेहरा होते, तिची धूनही त्यांचीच. कंपनीचे बहुतांश ग्राहक भारतातच होते, साडेचार लाखांच्या आसपास.

पण ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा बंद पडली. आगाऊ वर्गणी भरलेल्या अनेकांचे पैसे अडकले. त्यानंतर भारतात गाडीत ऐकण्यासाठीची सॅटेलाइट रेडिओ सेवा पुन्हा सुरू झालेली नाही. म्हणून जुन्या वस्तूंच्या बाजारात वर्ल्डस्पेसचा संच ‘चालू स्थितीत’ म्हणून दिसला, तर तो चालू होईलही, वाजणार नाही.

तेव्हाही वर्ल्डस्पेस घरातच जास्त ऐकला गेला. उपग्रहाचा सिग्नल इतका अशक्त असतो की झाड, पूल, इमारत आडवी आली की तुटतो. धावत्या गाडीत तो अखंड हवा असेल तर शहरांत जमिनीवर सहायक प्रक्षेपक, म्हणजे रिपीटर, उभारावे लागतात. अमेरिकेत असे शेकडो रिपीटर आहेत. आपल्याकडे ‘ट्राय’ने सॅटेलाइट रेडिओबाबत २००५ मध्ये शिफारशी केल्या होत्या, पण रिपीटरचे जाळे काही उभे राहिले नाही.

मग घरच्या छत्रीवर आकाशवाणी कशी येते?

हा प्रश्न काकांनीच विचारला आणि तो बिनतोड आहे. ‘डीडी फ्री डिश’च्या छत्रीवर टीव्हीसोबत आकाशवाणीची ४० च्या वर केंद्रे येतात, तीही महिन्याच्या भाड्याशिवाय. अर्थाने हा सॅटेलाइट रेडिओच झाला. मग ती छत्री पिकअपच्या टपावर का नाही?

कारण छत्रीला फार अचूक दिशा लागते. दोन-तीन अंशांनी हलली की चित्र गेले, हे वाऱ्या-वादळानंतर छतावर चढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पिकअप तर एका वळणावर ९० अंश फिरते. अमेरिकेतली किंवा वर्ल्डस्पेसची लहर वेगळ्या, कमी वारंवारतेच्या पट्ट्यातली असते. तिथे लहान, सपाट अँटेना आकाशाचा मोठा भाग एकदम ‘पाहते’, म्हणून ती गाडीवर बसवता येते. जहाजांवर स्वतः फिरून उपग्रह धरणाऱ्या छत्र्या असतात, पण त्या किमतीत दुसरी पिकअप येईल.

खरे नुकसान कुठे झाले?

गाणे वाजले नाही, एवढ्यावर हे थांबले असते तर ही बातमी झाली नसती. डबी जोडून देणाऱ्या इलेक्ट्रिशियनने स्टिरिओमागचा वायरिंगचा गुच्छ कापला आणि डबीचा करंट कायम चालू असलेल्या वायरवरून घेतला. शनिवारी दुपारी गाडी उभी राहिली, सोमवारी पहाटे चावी फिरवली तर नुसते ‘टक्’. मागे दुसऱ्या शेतकऱ्याचे सोयाबीन भरलेले. दुसऱ्या गाडीला वायर लावून सुरू करेपर्यंत सकाळ गेली, बाजार समितीतला हर्रास चुकला आणि माल दुसऱ्या दिवसावर गेला. भाडे मागायला काकांचे तोंड उरले नाही.

हिशेब साधा आहे. समजा डबी ०.६ अँपिअर ओढते. शनिवार दुपार ते सोमवार पहाट म्हणजे सुमारे ४० तास. ४० गुणिले ०.६, म्हणजे २४ अँपिअर-तास. पिकअपची बॅटरी ६५ अँपिअर-तासांची धरली आणि ती दोन वर्षे जुनी असेल, तर उरलेल्या ताकदीवर थंडीत डिझेल इंजिन फिरणे अवघडच.

स्टिरिओमागे करंटच्या दोन वायर असतात. एक कायम चालू, ती घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशने लक्षात ठेवते, बहुधा पिवळी. दुसरी चावी फिरवल्यावरच चालू होते, बहुधा लाल. तिला मेकॅनिक ‘एसीसी’ म्हणतात. जोडायची कुठलीही वस्तू या दुसऱ्या वायरवर, तिच्यापुरता वेगळा छोटा फ्यूज टाकूनच जोडावी. आणि रंगावर विश्वास ठेवू नका, कंपनीगणिक तो बदलतो. टेस्टर लावून, चावी काढून, करंट जातो की नाही हे बघायला सांगा. एक मिनिटाचे काम आहे.

कापाकापीला पर्याय म्हणजे कपलर. मूळ सॉकेट आणि स्टिरिओ यांच्या मध्ये बसणारा तयार जोड बाजारात मिळतो. तो काढला की गाडी होती तशी. कापलेल्या वायरिंगवर पुढे काही जळाले तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते, आणि जळून आग लागली तर विम्याच्या दाव्यातही प्रश्न निघतात. महागडा संच बसवला असेल तर तो पॉलिसीत वेगळा नोंदवून घ्यावा. ट्रकसाठीची वस्तू स्वस्त मिळते म्हणून पिकअपला लावू नका. मोठ्या ट्रकची यंत्रणा सहसा २४ व्होल्टची असते, पिकअपची १२ व्होल्टची.

आता पिकअपमध्ये ऐकायचे काय आणि कसे?

आकाशवाणीची देशभरातली केंद्रे ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर ऐकता येतात, मराठी केंद्रेही त्यात आहेत. डेटा वाटतो तेवढा लागत नाही. ६४ केबीपीएसचा प्रवाह धरला तर तासाला साधारण २९ एमबी, म्हणजे आठ तासांच्या फेरीला २३० एमबीच्या आसपास. जिथे रेंज जाते त्या टप्प्यासाठी कीर्तन, गाणी, नाटके निघण्यापूर्वीच फोनमध्ये किंवा पेनड्राइव्हमध्ये उतरवून ठेवणे उत्तम.

फोन स्टिरिओला जोडायचा कसा, हे मॉडेलवर अवलंबून. ब्लूटूथ किंवा यूएसबी असेल तर प्रश्नच मिटला. ऑक्सचे छिद्र असेल तर साधी वायर पुरते. काहीच नसेल, फक्त एफएम असेल, तर लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा एफएम ट्रान्समीटर घेता येतो. त्याची अडचण अशी की इथे रिकामी असलेली वारंवारता अकोल्यात गेल्यावर रिकामी असेलच असे नाही आणि मधेच दुसरे स्टेशन घुसते. अँटेनाच्या वायरमध्ये जोडायचा मॉड्युलेटर हा त्रास बराच कमी करतो. टेक्सासच्या पोरांनी जुन्या स्टिरिओंना सॅटेलाइटची डबी अशीच जोडली. इंजिनच्या वेगाबरोबर चढउतार होणारी ‘घुंईं’ ऐकू आली तर दोष बहुधा अर्थिंगचा असतो, स्पीकर बदलायला धावू नका.

एक काम मात्र निघण्यापूर्वीच उरकावे : गाणे लावून फोन होल्डरमध्ये. समृद्धीसारख्या सरळ रस्त्यावर मालगाडी ८० च्या वेगात असेल तर सेकंदाला २२ मीटर जाते. यादीतले पुढचे गाणे शोधायला तीन सेकंद लागले, तर गाडी ६६ मीटर न बघता गेली.

काकांच्या पिकअपचे वायरिंग आता कपलर टाकून पूर्ववत झाले आहे. स्टिरिओला ब्लूटूथ आधीपासूनच होते, ते कुणी लावून दाखवले नव्हते एवढेच. डबी डॅशबोर्डच्या खणात कागदपत्रांखाली आहे. भाचा दिवाळीत गावी येणार आहे. ‘बातमी छापा, पन पोराले सांगू नका,’ असे काका फोन ठेवता ठेवता दोनदा म्हणाले.