पाटा लवतो म्हणून टिकतो: ट्रॉलीच्या पाट्यांबद्दलचे गैरसमज

भातकाढणी आली की मावळात जूनपासून गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या ट्रॉल्या एकदम रस्त्यावर येतात. आधी भात आणि पेंढा, मग ऊस असेल तर कासारसाई-दारुंब्रेच्या संत तुकाराम कारखान्याच्या फेऱ्या, आणि मधल्या दिवसांत लोणावळ्याकडच्या बांधकामांना वीट, खडी, मुरूम. द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला बंदी आहे. त्यामुळे हा सगळा माल जुन्या महामार्गाने, दुधिवरे खिंडीसारख्या चढउतारांवरून आणि आंदर मावळ, नाणे मावळातल्या गावरस्त्यांवरून जातो. याच दिवसांत ‘पाटा तुटला’ हे शब्दही जास्त ऐकू येतात.

पाट्यांची रचना साधी आहे. लांबीने कमी होत गेलेले पाटे एकावर एक रचून मधोमध सेंटर बोल्टने गुंफलेले असतात आणि यू-बोल्टने ॲक्सलला बांधलेले असतात. मेन पाट्याची दोन्ही टोकं गोल वळवून डोळे केलेले असतात आणि त्यांत बुश बसतो. एक टोक चेसिसच्या हँगरला पिनने अडकतं, दुसरं शॅकलला. वजन आलं की कमान सपाट होते, म्हणजे पाटा लांबतो. ती वाढलेली लांबी मागेपुढे झुलणारा शॅकल सामावून घेतो. एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचे गैरसमज उलगडतात.

गैरसमज: चार महिने ट्रॉली जागची हलली नाही, मग झिजेल काय?

वस्तुस्थिती: झीज नसेल, गंज असतो. लोणावळ्यात वर्षाकाठी सरासरी 4,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. उघड्यावरच्या ट्रॉलीच्या पाट्यांमध्ये पाणी आणि माती मुरते. गंजाने पोलादावर बारीक खड्डे पडतात आणि लवून-लवून थकणाऱ्या पाट्याला तडा बहुधा अशाच खड्ड्यातून जातो. तिकडे ग्रीस धुऊन गेलेली पिन बुशमध्ये जाम होते. शॅकल झुलेनासा झाला की पाट्याला लांबायला जागा उरत नाही आणि ताण डोळ्यावर व हँगरच्या वेल्डिंगवर जातो. म्हणून पावसाळ्याआधी निपलमधून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरावं आणि शक्य तर ट्रॉली छपराखाली, रिकामी उभी करावी. पाट्यांवर जळकं ऑइल ओतायची सवय मात्र अर्धीच उपयोगाची. त्यावर धूळ चिकटते, रबरी बुश असेल तर तो फुगतो. पाटे खोलण्याची वेळ आलीच तर मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावलेलं चांगलं.

गैरसमज: तुटलेला पाटा वेल्डिंग केला की काम भागलं.

वस्तुस्थिती: पाट्याचं पोलाद साध्या लोखंडी पट्टीसारखं नसतं. त्यात कार्बन जास्त असतो आणि तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून त्याला लवचीकपणा दिलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने तो जातो. सांध्याशेजारचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो आणि थोडा पुढचा भाग मऊ पडतो. अशा पाट्याने पेंढ्याची एखादी फेरी निभावेल, खडीच्या फेरीत तो सांध्याच्या बाजूलाच तुटेल. तुटलेला पाटा बदलायचाच असतो. दुसऱ्या बाजूचे पाटेही तेवढेच जुने आणि बसलेले असतील तर दोन्ही बाजूंचं काम एकदम करावं, नाहीतर ट्रॉली एका अंगाला कलते.

गैरसमज: एक पाटा वाढवला किंवा जाड टाकला की ट्रॉली जास्त माल ओढेल.

वस्तुस्थिती: हा सर्वांत महागात पडणारा समज. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. 8 मिलिमीटरच्या जागी 10 मिलिमीटरचा पाटा टाकला तर त्या एका पाट्याचा ताठपणा जवळपास दुप्पट होतो. तो शेजारच्या पाट्यांइतका लवत नाही, वाट्यापेक्षा जास्त भार एकटाच घेतो आणि बहुतेक वेळा आधी तोच जातो. सगळेच पाटे ताठ केले तर खड्ड्याचा दणका पाट्यात जिरत नाही. तो ॲक्सल, बेअरिंग, टायर, चेसिस आणि ट्रॅक्टरच्या हुकापर्यंत पोहोचतो. पाटे वाढवल्याने ॲक्सलची ताकद वाढत नाही आणि ब्रेकचीही नाही.

मुळात ट्रॉली भरलेली दिसणं म्हणजे वजन कळणं नव्हे. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. तेवढी खडी सव्वाचार टनांच्या आसपास भरते, तर फळ्यांच्या वर रचलेला वाळका पेंढा त्याच्या कितीतरी कमी. मापाने तीच ट्रॉली, पण पाट्यांना दोन्ही फेऱ्या सारख्या नाहीत.

गैरसमज: पाटा मधूनच तुटला, म्हणजे माल खराब होता.

वस्तुस्थिती: आधी यू-बोल्ट बघा. सेंटर बोल्टसाठी पाट्याला मधोमध भोक असतं, म्हणून तीच त्याची कमजोर जागा. यू-बोल्ट घट्ट असतील तर मधला भाग ॲक्सलशी जखडलेला राहतो आणि लवत नाही. ते ढिले झाले की पाटा नेमका भोकाशी वाकू लागतो आणि तिथेच तुटतो. कधी सेंटर बोल्टच कापला जातो आणि ॲक्सल जागचा सरकतो. नवे पाटे बसवले की यू-बोल्टही नवे घ्यावेत. ताणलेला, आटे गेलेला जुना बोल्ट हवी तशी पकड देत नाही. पाट्यांमधला रंग आणि गंज भाराखाली दबून बसतो, त्यामुळे पहिल्या भरल्या फेरीनंतर नट हमखास थोडे सैल सापडतात.

गैरसमज: टायर एकाच बाजूने खातोय, म्हणजे टायरच बोगस.

वस्तुस्थिती: ॲक्सल तिरका असू शकतो. दोन चाकी ट्रॉलीत टेप घेऊन हुकाच्या कडीपासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतची अंतरं मोजा. ती सारखी नसतील तर झिजलेला बुश, खाल्लेली पिन किंवा तुटलेला सेंटर बोल्ट शोधा. चेसिस टेकवून चाक अधांतरी केल्यावर डोळ्यापाशी पहार घालून हलवा. पाटा पिनेवर खडखडला तर बुश गेला. थोडक्या खर्चाचा बुश वेळेत न बदलल्याने पाट्याचा डोळा मोठा होतो आणि मग मेन पाटाच बदलावा लागतो.

गैरसमज: शेतीची ट्रॉली आहे, तिला वजनाचा नियम नाही.

वस्तुस्थिती: मोटार वाहन कायद्याची वजनमर्यादा ट्रेलरलाही लागू आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये आहे.

काम घरीच करणार असाल तर ट्रॉली रिकामी आणि सपाट जमिनीवर घ्या, चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरू नका, चेसिसखाली ओंडक्यांचा भक्कम आधार द्या. सेंटर बोल्ट काढण्याआधी पाटे क्लॅम्पने आवळा, नाहीतर ते झटक्याने उघडतात. दिवाळीआधीचा एक तास याला द्या: यू-बोल्ट, शॅकल, बुश आणि मग पाटे, या क्रमाने तपासा. आणि पहिली भरलेली फेरी करून घरी आलात की ट्रॅक्टर बंद करून यू-बोल्टच्या नटांना पाना पुन्हा एकदा लावा.