बावडेकरांचे गुणसूत्र

‘गांधी’ चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो आणि वन्यजीवांवरच्या मालिकांचे निवेदक डेव्हिड अ‍ॅटनबरो हे सख्खे भाऊ. पण एकमेकांना न ओळखणारे दोन अ‍ॅटनबरोही बहुधा लांबचे भाऊबंदच निघतात. लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ब्रिटनमधली ४० आडनावे तपासली. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते, आडनावही त्याच वाटेने. तपासलेल्या अ‍ॅटनबरो पुरुषांपैकी सुमारे ८७ टक्क्यांचे वाय गुणसूत्र एकाच कुळीचे निघाले. स्मिथांमध्ये असा मेळ नाही. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार काय, गावोगाव होते. दुर्मीळ आडनावात मूळपुरुष थोडे, आणि ज्यांना मुलगे झाले नाहीत त्यांच्या फांद्या वठत गेल्या की उरते एखादीच.

आता हीच फूटपट्टी आपल्याकडच्या गगनबावड्याच्या बावडेकर या आडनावाला लावू.

बावडेकर म्हटले की आठवतात रामचंद्रपंत अमात्य. शिवरायांचे अमात्य, राजाराम महाराज जिंजीला गेल्यावर इथला कारभार सांभाळणारे हुकूमतपन्हा, ‘आज्ञापत्रा’चे कर्ते. वडील निळो सोनदेव. त्या नावात बावड्याचा मागमूस नाही. बावड्याची जहागीर आली आणि घराणे पंत अमात्य बावडेकर झाले. शिवाय बावडा एक थोडाच आहे! घाटमाथ्यावर गगनबावडा, खाली कोकणात भुईबावडा, कोल्हापूरला लागून कसबा बावडा, तिकडे इंदापूर तालुक्यात आणखी एक. यांतल्या कुठल्याही गावचा, कुठल्याही जातीचा माणूस पोटापाण्यासाठी बाहेर पडला की परगावी बावडेकर होऊ शकतो. गावातच राहिलेल्याला असे कोण म्हणणार? तेव्हा दहा बावडेकरांची लाळ तपासून दहा मूळपुरुष निघाले तरी नवल नाही.

त्यात आपल्याकडे दत्तकाची चाल. वारस नसला की संस्थानिक, जहागीरदार मुलगा दत्तक घेत. नाव पुढे चालते, गुणसूत्र बदलते. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक गेले आणि कोल्हापूरचे शाहू छत्रपती झाले. आडनाव भोसले, वाय मात्र घाटग्यांचे. रिवाजाने दत्तक पुत्र पोटच्यासारखाच. पेशीला हे कोण समजावणार? म्हणून कोल्हापूरच्या राजघराण्यात भोसल्यांचे वाय शोधू पाहणाऱ्याला आधी दत्तकविधानाची कागदपत्रे चाळावी लागतील, लाळेचे नमुने मागाहून.