ब्रेक लागतो ना? – आधी घरीच पाहा!

पंचवटीतल्या मैत्रिणींना उताराचे कौतुक सांगायला नको. मालेगाव स्टँडवरून रामकुंडाकडे सायकल सोडली की पायडल मारावेच लागत नाही. भिस्त सगळी ब्रेकवर! मुलगी क्लासला निघाली की आपण डबा देतो, रेनकोट देतो; ब्रेक मात्र कुणी दाबून पाहत नाही.

ब्रेक लागेना की दुकानदार नवे रबर बसवून मोकळा होतो. पुष्कळदा रबर चांगलेच असते हो, मळलेली असते ती रिम. साखळीला तेल देताना उडालेले थेंब नि रस्त्यावरचा चिखल यांचा ओशट थर रिमवर बसतो. तुपाची वाटी हातातून निसटते ना, तसेच ते. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन रिम दोन्ही बाजूंनी खसखसून धुवा, कोरडी पुसा. रॉकेल नको, त्याचाही ओशटपणा मागे राहतो. (जुन्या काळ्या सायकलींच्या दांड्यांच्या ब्रेकचे रबर रिमला आतून, आऱ्यांच्या बाजूने लागते; तिथे फडके आत घालून पुसावे लागते.)

मग रबर पाहा. चकचकीत दिसले तर पॉलिश पेपरने जरासे घासा. ॲल्युमिनियमच्या रिमचे बारीक कण रुतले असतील तर सुईने काढा. खाचा झिजून गेल्या असतील तर मात्र बदलाच, तिथे काटकसर नको. नवे रबर रिमवरच टेकायला हवे. टायरला लागले तर टायर कापला जातो.

ब्रेकची मूठ हँडलला टेकत असेल तर वायर सैल झाली आहे. वायरच्या टोकाचा छोटा गोल नट फिरवला की ती ताणली जाते. वायरच्या तारा तुटू लागल्या असतील तर सरळ दुकान गाठा.

पावसात पोलादी रिम ओली झाली की ब्रेक फारच कमी लागतो. म्हणून उताराच्या अलीकडेच ब्रेक हलके दाबत राहावे, म्हणजे रिमवरचे पाणी पुसले जाते. आणि ‘पुढचा दाबला की तोंडावर पडतो’ ही भीती मुलींच्या मनातून काढायला हवी. थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, मागचे हलके होऊन घसरते. म्हणून दोन्ही ब्रेक एकदम, पण हळूहळू दाबायचे.

तपासायला एक मिनिट पुरते. दारातच पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. चाक फिरले, तर आज मुलीला रिक्षाने पाठवा.