घरी वजने आणताना

चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात, त्यामुळे घरी वजने आणायचा विचार चांगलाच. पण दुकानात शिरताच नजर जाते ती लांब बारवर. पुरुषांच्या स्पर्धेतला बार २.२ मीटर लांब असतो आणि प्लेट न लावताच २० किलो भरतो. दोन खोल्यांच्या घरात तो ठेवणार कुठे? त्यापेक्षा प्लेट बदलता येतील अशी डंबेलची जोडी घ्या. (मोठ्या यंत्रांवर पुढे टॉवेलच वाळतात!) सलग १०-१२ वेळा नीट उचलता येईल, शेवटी थोडा जोर लागेल, तेवढे वजन सुरुवातीला पुरे. लॉक दुकानातच घट्ट बसवून, हलवून पाहा. सैल लॉकमधून प्लेट सुटली की थेट पायावर येते. रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि उचलताना श्वास रोखू नका, दाब एकदम चढतो.